साल गेलेला बांबू आणि तीरकामठा

गावाकडे कामठा म्हटला की बांबूचाच. पण आता शहरातल्या घरांत जमिनीला बांबूच्या फळ्या बसवतात आणि कापून उरलेल्या फळ्या सुताराकडे पडून राहतात. सहा फुटी, पंधरा मिलिमीटर जाडीची सरळ फळी हाती आली की तीरंदाजीचा नाद असलेल्याला तिच्यात धनुष्य दिसणारच.

बांबूच्या धनुष्याची परंपरा फार जुनी. इ.स.पू. 480 मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिसने ग्रीसवर स्वारी केली, तेव्हा त्याच्या सैन्यातल्या भारतीयांकडे वेळूची धनुष्यं आणि लोखंडी टोकाचे वेळूचे बाण होते, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या सामानाची यादी आहे: ताल, चाप, लाकूड, शिंग. यातला चाप म्हणजे बांबूची एक जात, असा अर्थ टीकाकार लावतात. दोरी कशाची करावी, त्या यादीतही वेणू म्हणजे बांबू आहे. गडचिरोलीकडच्या जुन्या कामठ्यांना बांबूच्या सालीची चिवट पट्टी दोरी म्हणून लावलेली दिसते, तेव्हा मला ती ओळ आठवते.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. बांबूवरची बंधनं मात्र त्याही आधीची. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत मोजलं आणि जंगलातला वेळू वनखात्याच्या ताब्यात गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे जंगलातल्या रहिवाशांना गोळा करता येणारं उत्पादन, ठरला. 2009 मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला तो 2017 मध्ये. ज्यांच्या दारामागे वेळूचं रान, त्यांनी एका काठीसाठी इतकी वर्षं वाट पाहिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

फरशीची फळी वेगळ्याच वाटेने आली. चीनमध्ये मोसो नावाच्या जाड बांबूच्या पट्ट्या काढून, उकळून, वाळवून, डिंकाने दाबून फळ्या करायचा उद्योग 1990 च्या दशकात वाढला. पट्टी चौकोनी व्हावी म्हणून बाहेरची साल आणि आतला मऊ भाग रंधून टाकतात. घोटाळा होतो तो इथेच. बांबूचे तंतू सालीजवळ सगळ्यात दाट असतात, आत जावं तसे विरळ होत जातात. धनुष्य ओढलं की नेमाकडची पाठ ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. पाठीला सालच हवी.

मी पहिलं धनुष्य नुसत्या फळीचं केलं. वरचा लाखेसारखा थर इतका कडक की रंध्याची धार बोथट झाली. फळ्या एकमेकींत अडकवायची कडेची खोबण आणि जीभ कापून टाकली. पंचवीस इंच ओढलं आणि मुठीच्या वर पाठीचा पापुद्रा उचकटून आला. गावातल्या बुरड आजोबांनी तो तुकडा उन्हात धरला, कापलेल्या टोकाकडचे तंतूंचे काळपट ठिपके नखाने चाचपले आणि विचारलं, “बाबू, याची साल कोनं काढली गा?”

त्यांनी मानवेलीची, म्हणजे आपल्याकडच्या भरीव बांबूची, तीन वर्षांची काठी फाडून कामटी, म्हणजे लांब पट्टी, दिली. तिचा आतला भाग रंधून सपाट केला आणि सालीला धक्काही लावला नाही. पेरांवरच्या गाठी नुसत्या घासून घेतल्या, कारण तिथे तंतू कापला गेला तर तडा त्याच जागी जातो. फळी पोटाला, कामटी पाठीला, मधे इपॉक्सी गोंद. जपानी युमी धनुष्यातही दोन्ही बाजूंना सालीचा बांबू आणि गाभ्यात लाकूड-बांबू असतो, म्हणजे ही जोडणी काही नवी नव्हे. फळी घेताना फिकट रंगाची घ्यावी. तपकिरी फळी वाफेवर भाजलेली असते आणि ती नरम पडते. मधला थर आडवा चिकटवलेला असेल तर ती धनुष्याला घेऊच नये; फळीच्या कडेकडे पाहिलं की लगेच कळतं.

दुसरं धनुष्य अठ्ठावीस इंचांपर्यंत ओढलं जातंय. पाठीवर अजून त्या मानवेलीचा हिरवट पिवळा रंग आहे.