तैलचित्रणातील अनुकृती

जुन्या श्रेष्ठ चित्रकाराचे चित्र समोर ठेवून ते तैलरंगात पुन्हा रंगवण्याची अभ्यासपद्धत. यासाठी प्रबोधनकालीन इटलीतील धार्मिक चित्रांना विशेष पसंती असते. मॅडोना (येशूची आई मेरी) आणि बाल येशू या एका विषयात चेहरा, हात, बाळाची त्वचा, वस्त्राच्या चुण्या आणि मागचा निसर्ग असे बहुतेक सगळे येते. रचना आयती मिळाल्याने शिकणाऱ्याचे लक्षही रंगावर राहते. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने इ. स. १४०० च्या सुमारास शिकाऊंना बजावले होते, की नकलेसाठी एकच गुरू धरा. आज एक, उद्या दुसरा असे केले तर कोणाचीच शैली हाती लागत नाही.

अनुकृतीतून मुख्यतः कळतो तो थरांचा क्रम. तयार चित्राकडे नुसते पाहून तो उमगत नाही. सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार तिशन याने रंगवलेले लाल वस्त्र घ्या. ट्यूबमधल्या लालमध्ये काळा-पांढरा मिसळून ते उतरवले, तर दहा फुटांवरून बरे दिसते. जवळ गेले की सावल्या मळकट आणि उजेड दुधाळ. मूळ पद्धतीत आधी चुण्यांचा छायाप्रकाश फिकट, अपारदर्शक रंगात पक्का करतात, तो वाळू देतात आणि त्यावर पारदर्शक लालचा पातळ हात, म्हणजे ग्लेझ, फिरवतात. खालचा उजेड लाल थरातून परततो आणि कापड आतून पेटल्यासारखे वाटते. जवसाचे तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्यामुळे खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटे झाले की तडे जातात, आणि उतावळ्या विद्यार्थ्याला ते लवकरच दिसतात. त्या काळचा पांढरा शिशाचा, विषारी होता. आजचा टायटॅनियम पांढरा अधिक झाकणारा व थंड असल्याने त्वचा खडूसारखी दिसू लागते. त्यात किंचित यलो ओकर (मातकट पिवळा रंग) घालून सांभाळून घ्यावे लागते.

ही पद्धत केवळ नवशिक्यांची नव्हे. फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रूबेन्स (१५७७–१६४०) १६२८-२९ मध्ये राजनैतिक कामासाठी माद्रिदला गेला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, युरोपभर नाव झालेले. तरी राजसंग्रहातल्या तिशनच्या ‘आदम आणि इव्ह’समोर (सु. १५५०) तो शिकायला बसला. त्याने आदमची बैठक बदलली, अंग भरदार केले आणि झाडावर एक लाल पोपट बसवला. मूळ चित्र व अनुकृती दोन्ही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. पोपट तेवढा रूबेन्सचा स्वतःचा.

पॅरिसचे लूव्ह्र संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाल्यापासून तिथे अनुकृतिकारांना मुभा आहे. आज परवाना लागतो, अनुकृतीचा आकार मूळ चित्राएवढा चालत नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही. फ्रेंच चित्रकार एदगार देगाने १८६० च्या सुमारास इथेच पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार मान्तेन्या याचे ‘क्रूसारोहण’ तैलरंगात उतरवले. मूळ चित्र टेम्पेरातले (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगातले), काटेकोर रेषांचे. देगाच्या हातात ते बरेच सैल झाले. प्रबोधनकालीन म्हणजे तैलचित्रच, असे धरून चालणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

माध्यम बदलून केलेल्या अनुकृतीचे महाराष्ट्रातले उदाहरण अजिंठ्याचे. ब्रिटिश लष्करी अधिकारी मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून तिथली भित्तिचित्रे तैलरंगात कॅनव्हासवर उतरवली. त्यांतली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्सने तिथल्या विद्यार्थ्यांकडून हे काम पुन्हा करून घेतले.