ॲक्टिव्ह डिरेक्टरीची दुखणी मुळात कुठून आली

सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) दिसलं की निम्मं निदान तिथेच होतं. ‘नेट स्लो आहे’ म्हणून कुणीतरी तो आकडा टाकलेला असतो. ब्राउझर पळतो, पण लॉगिनला मिनिटामागून मिनिटं लागतात, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकत्र लावायचे नियम) लागत नाही आणि नवं मशीन जोडायला गेलं की डोमेनच (एका डिरेक्टरीखालचा युजर आणि मशीनचा गट) सापडत नाही. सापडणार तरी कसं? कंपनीच्या आतल्या डोमेनचा पत्ता बाहेरच्या सर्व्हरला ठाऊक नसतो. हा बिघाड आजही आठवड्याला कुठे ना कुठे भेटतो. त्याचं मूळ विंडोज २००० मध्ये आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी), म्हणजे कंपनीचे युजर, मशीन आणि पासवर्ड यांच्या एकत्र नोंदवहीत आहे, कारण त्याआधीचं विंडोज डोमेन डीएनएसवाचून चालत होतं.

डेव्ह कटलर यांच्या चमूने घडवलेली विंडोज एनटी १९९३ मध्ये बाजारात आली आणि १९९६ च्या एनटी ४.० पर्यंत तिचं डोमेन ऑफिसाऑफिसांत रुजलं. रचना सोपी होती. एक पीडीसी, म्हणजे लॉगिन तपासणारा मुख्य डोमेन कंट्रोलर (डीसी); बाकीचे बीडीसी, म्हणजे राखीव डीसी, त्यांच्याकडे फक्त वाचायची प्रत. मशीनची नावं नेटबायॉस या जुन्या पद्धतीची, १५ अक्षरांत बसणारी, आणि ती शोधायला विन्स सर्व्हर. शाखेची लाइन तुटली तरी तिथल्या बीडीसीवर लॉगिन होत असे, पण पासवर्ड बदलायचा तर पीडीसीपर्यंत पोहोचावंच लागे. युजर आणि मशीनच्या नोंदी ठेवणारी सॅम फाइल ४० एमबीच्या पुढे नेऊ नका, असं मायक्रोसॉफ्टचंच सांगणं होतं. मोठ्या कंपन्यांना त्यामुळे अनेक डोमेन करावी लागली आणि त्यांच्यात ट्रस्ट, म्हणजे एकाने दुसऱ्याचे युजर मानण्याचे करार, बांधावे लागले. ट्रस्ट एकाच दिशेचे, आणि पुढे न सरकणारे: ‘अ’चा ‘ब’वर विश्वास आणि ‘ब’चा ‘क’वर, म्हणून ‘अ’ने ‘क’ला ओळखावं असं नव्हतं. दहा डोमेनना एकमेकांशी पूर्ण जोडायचं तर ९० ट्रस्ट हाताने सांभाळायचे. ज्यांनी ते सांभाळले त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे.

तोवर नोव्हेलने १९९३ मध्येच नेटवेअर ४ बरोबर झाडासारखी फांद्या-फांद्यांची डिरेक्टरी दिली होती. मायक्रोसॉफ्टचं उत्तर, विंडोज २००० मधली ॲक्टिव्ह डिरेक्टरी, यायला १७ फेब्रुवारी २००० उजाडला. त्या उत्तरातले बहुतेक भाग आधीच कुठे ना कुठे तयार होते. नोंदी विचारण्याची भाषा एलडॅप, मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी एक्स.५०० या जड डिरेक्टरी-मानकाला हलकं करून बनवलेली. ओळख पटवणारं केर्बेरॉस एमआयटीच्या अथेना प्रकल्पातलं. नाव शोधणारं डीएनएस पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेलं. आणि खालचं डेटाबेस इंजिन एक्स्चेंज मेल सर्व्हरमध्ये वापरलेलं. प्रत्येक भाग आपापल्या अटी घेऊन आला. आज आपण ज्याला ‘एडीचा प्रॉब्लेम’ म्हणतो, तो बहुतेक वेळा यांतली एखादी अट मोडल्याचा परिणाम असतो.

डीएनएसची अट वर आलीच. पीसी चालू होताना डीएनएसला एसआरव्ही नोंद विचारतो, म्हणजे ‘या डोमेनची एलडॅप सेवा कोण देतं?’ उत्तर चुकलं तर पुढचं काहीच नीट होत नाही.

केर्बेरॉसची अट वेळेची. जुनं तिकीट (ओळख पटल्याचा डिजिटल पास) चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो, आणि चालून जाणारा फरक जास्तीत जास्त ५ मिनिटांचा. म्हणूनच विंडोज २००० ने वेळ जुळवणारी सेवा सोबत आणली. पीसी आपल्या डीसीचं घड्याळ मानतो आणि डीसी पीडीसी एम्युलेटरचं, म्हणजे जुन्या पीडीसीची कामं करणाऱ्या एका डीसीचं. एका कारखान्यात मी पाहिलेलं सांगतो. दोन डीसी, त्यांतला एक व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने चालणारा. रात्री वीज गेली, यूपीएस संपला, आणि सकाळी होस्ट मशीन उठलं ते ४० मिनिटं मागे, कारण त्याचं घड्याळ चालू ठेवणारा सीमॉस सेल मेला होता. होस्टने आपली वेळ आतल्या डीसीला दिली. निम्म्या लोकांचे शेअर (नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर) उघडेनात, निम्म्यांचं सुरळीत. रेपॲडमिन (डीसींमधली देवाणघेवाण तपासणारं साधन) चालवलं तेव्हा एरर १३९८ दिसला: दोन्हीकडच्या वेळेत फरक. सेल बदलला, होस्टकडून वेळ घेणं बंद केलं आणि चहा व्हायच्या आत काम सुरू झालं. अशा वेळी आणखी एक खूण उपयोगी पडते. शेअर नावाने उघडत नाही आणि आयपीने उघडतो, तर संशय केर्बेरॉसवर घ्यावा. आयपीने गेलं की विंडोज सहसा एनटीएलएम या ओळख पटवायच्या जुन्या पद्धतीवर उतरतं, आणि त्याला या अटी लागत नाहीत.

सगळ्यांत खोल बदल मात्र प्रतींचा होता. २००० पासून प्रत्येक डीसीवर लिहिता येतं, आणि लिहिलेलं सगळीकडे पोहोचतं. त्यासाठी प्रत्येक डीसी आपल्या बदलांना वाढत जाणारा क्रमांक देतो, त्याला यूएसएन म्हणतात. ‘तुझे ५००० पर्यंतचे बदल माझ्याकडे आले’ एवढंच शेजारी लक्षात ठेवतात. यामागे एक गृहीतक होतं: हा क्रमांक कधी मागे जात नाही. खऱ्या लोखंडी सर्व्हरवर ते खरंच होतं. मग व्हर्च्युअल मशीन आली आणि स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था, आला. डीसी जुन्या स्नॅपशॉटवर नेला की क्रमांक ४००० वर येतो. त्यापुढे केलेले नवे युजर शेजाऱ्यांना ‘आधीच मिळालेले’ वाटतात आणि कधीच पोहोचत नाहीत. हा यूएसएन रोलबॅक. तो ओळखता आला तर लॉगमध्ये इव्हेंट २०९५ येतो आणि डीसी स्वतःचं रेप्लिकेशन (बदलांची देवाणघेवाण) थांबवतो. व्हर्च्युअलायझेशनशी जुळवून घेणारी दुरुस्ती विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आली, म्हणजे विंडोज २००० नंतर १२ वर्षांनी.

डिलीट केलेल्या नोंदीचंही असंच. ती काही दिवस ‘मृत’ म्हणून फिरते, सगळ्यांना कळावी म्हणून. आधी ही मुदत ६० दिवस होती, नंतर नव्या फॉरेस्टसाठी (डोमेनच्या समूहासाठी) १८० झाली. त्याहून जास्त काळ बंद राहिलेला डीसी परत चालू केला, तर मिटलेल्या नोंदी त्याच्यावर जिवंतच असतात. म्हणून डीसी फार दिवस बंद ठेवू नये, असं आपण नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात सांगतो.

सगळीकडे लिहिता येऊ लागलं तरी जुना पीडीसी पुरता गेला नाही. पासवर्डचा बदल आजही लगेच पीडीसी एम्युलेटरला कळवला जातो आणि खातं लॉक होणंही तिथे नोंदलं जातं. युजर सारखा लॉक होत असेल, तर इव्हेंट ४७४० तिथेच आधी शोधावा.

प्रत सगळीकडे असली की एखादा डीसी पडल्याची भीती राहत नाही. सगळे एकदम पडले तर काय, हे २७ जून २०१७ ला दिसलं. नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि जगभर पसरला. आपल्याकडे न्हावा-शेव्याला जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं कामही थांबलं. कंपनीचे सुमारे १५० डीसी एकमेकांची प्रत होते, आणि डीसींचा वेगळा बॅकअप सापडेना. एकच वाचला होता, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो नेटवर्कवर नव्हता. तिथल्या लाइनवरून शेकडो जीबी पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने डिस्क नायजेरियापर्यंत नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन इंग्लंडला, मेडनहेडला गेला. दहा दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे राहिले. त्यांची ओळख पटवणारी डिरेक्टरी त्या एका डिस्कवरून आली होती.