गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी हे वाचा

ऊन तापायला लागलं की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस संपलाय, भरून द्या." एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपांतून तोच तो फिरत राहतो. एकाच उन्हाळ्यात कूलिंग गेलं आणि गॅस कमी निघाला, तर तो कुठून तरी गळतोय. गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जाणार. पैसे तुमचेच.

गाडी आणण्याआधी थोडं घरीच बघा. ब्लोअर फिरतच नसेल तर आधी फ्यूज तपासा. फक्त सगळ्यात मोठ्या स्पीडला चालत असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा पार्ट) गेलेला असतो. वारा गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर काढून बघा. पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर तिथे उंदरांनी केलेलं घरटंही सापडतं!

हायवेला मस्त गार, पण दसरा चौकात सिग्नलला थांबलं की गरम वारा, ही तक्रार फार येते. इथे गॅसवर संशय घेण्याआधी कंडेन्सर आणि फॅन बघायचे. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवली की तिच्यात पाचटाचा भुगा बसतो, त्यावर धूळ आणि चिखल. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त फॅनवर. एसी लावून बॉनेट उघडा आणि फॅन फिरतो का ते बघा. हात लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो. जाळी धुवायची तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर साध्या पाइपने धुवा. प्रेशर गन जवळून मारली की पाती दबतात.

एसीचं बटण दाबल्यावर 'टक्' आवाज आला नाही, तर मॅग्नेट क्लच (एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला जोडणारा), रिले किंवा प्रेशर स्विचचं काम असू शकतं. काही नव्या गाड्यांत हा मॅग्नेट क्लचच नसतो, तिथे आवाजाची वाट बघू नका. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काळजी नको. तेच पाणी आत पायाशी आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय.

आम्ही आधी सांधे बघतो. तेलकट डाग दिसला की बहुतेक गळती तिथेच. मग गळती पक्की करायला नायट्रोजनचं प्रेशर आणि साबणाचं पाणी, दुरुस्ती, साधारण अर्धा तास व्हॅक्यूम (पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढणं), आणि शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस, लिहिलेल्या ग्रॅमइतकाच, वजन करून. जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं. आर-१३४ए (बऱ्याच गाड्यांत असणारा एसीचा गॅस) च्या जागी स्वस्तातला दुसरा गॅस मागू नका, आम्ही भरणार नाही. त्यातले काही पेट घेणारे असतात.

आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल गळत असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो. खर्च आधी सांगतो, तुमचा होकार आल्यावरच हात लावतो. गाडी सकाळी सोडा आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.