मुतखड्याचे प्रतिमाधारित मोजमाप

मूत्रपिंड, मूत्रवाहिनी किंवा मूत्राशयातील खड्याचा आकार एक्स-रे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवरून ठरवण्याची पद्धत. उपचाराची दिशा बरीचशी या आकड्यावर अवलंबून असते. मूत्रवाहिनीतला ५ मिमीपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडून जातो, १० मिमीहून मोठा क्वचितच. मूत्रपिंडातला खडा २० मिमीपेक्षा मोठा असला, तर पाठीतून दुर्बीण घालून तो काढण्याचा विचार सहसा आधी होतो.

साध्या एक्स-रेवर कॅल्शियमयुक्त खडे उमटतात, युरिक ॲसिडचे उमटत नाहीत. आतड्यातला वायू आणि मळ खडा झाकतात; ओटीपोटातल्या शिरांमधील कॅल्शियमचे ठिपके खड्यासारखे भासतात. शिवाय किरण पसरत जात असल्याने सावली किंचित मोठी पडते. एकदा दिसलेल्या खड्यावर लक्ष ठेवायला मात्र ही स्वस्त तपासणी पुरेशी ठरते.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसल्याने गर्भवती आणि लहान मुलांसाठी तिलाच पहिली पसंती असते. अडचण मोजण्यात आहे. ध्वनिलहरींचा झोत खोलवर रुंदावतो आणि खड्याच्या कडा पडद्यावर फाकलेल्या दिसतात; त्यामुळे खडा खऱ्यापेक्षा मोठा मोजला जातो. ५ मिमीहून लहान खड्यांत ही चूक एक-दोन मिमीची, म्हणजे प्रमाणाने फार मोठी असू शकते. खड्याऐवजी त्यामागच्या काळ्या सावलीची रुंदी मोजली, तर उत्तर वास्तवाच्या अधिक जवळ येते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा अनेकदा दिसतच नाही.

शिरेतून औषध न देता केलेला सीटी स्कॅन १९९५ नंतर रूढ झाला आणि आज तोच प्रमाण मानला जातो. एचआयव्हीवरील इंडिनाव्हिर या औषधामुळे होणारे खडे सोडले, तर जवळपास सर्व खडे त्यात दिसतात. तरी सीटीचा आकडाही एकच नसतो. प्रतिमा हाडांसाठीच्या 'विंडो'मध्ये (म्हणजे पडद्यावरील उजळ-गडदपणाच्या मांडणीत) मोठी करून पाहिली, तर मोजमाप नेमके येते. मऊ ऊतींच्या विंडोत तोच खडा फुगलेला दिसतो. आडव्या छेदात उभ्या खड्याची लांबी कमी भरते, म्हणून समोरून घेतलेला उभा छेदही पाहावा लागतो. सीटीवरून घनताही कळते : १००० हाउन्सफील्ड एककांपेक्षा घन खडा बाहेरून दिलेल्या आघातलहरींनी फुटणे कठीण असते.

सोनोग्राफीत ७ मिमी आणि महिन्याभराने सीटीत ५ मिमी, असे अहवाल हाती आले की खडा विरघळल्याचे श्रेय एखाद्या काढ्याला मिळते. प्रत्यक्षात पद्धत बदललेली असते. तुलना करायची तर दोन्ही वेळा तपासणी एकाच पद्धतीने व्हायला हवी. पाठपुराव्यासाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन उपलब्ध आहे.

केवळ लांबीवरून खड्याचे खरे आकारमान कळत नाही. लांबी, रुंदी आणि जाडीच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणून घनफळाचा अंदाज बांधतात. हे सूत्र लंबगोल खड्यांना लागू पडते. सांबरशिंगासारख्या फांद्या फुटलेल्या खड्याचे घनफळ मात्र सीटीच्या छेदांवरून संगणकानेच काढावे लागते.