शंभर टक्के झालं, तरी फाइल कोरी का?

“सर, शंभर टक्के तं झालतं, मंग फाइल कोरी कशी निंगाली?” विदर्भातल्या तालुक्याच्या गावी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देणाऱ्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर टाकले, हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली, पेनड्राइव्ह उपसला आणि झेरॉक्सच्या दुकानात लावला, तर फाइल शून्य बाइटची. मग निदान ठरलेलं: लिनक्स पेनड्राइव्ह खाते! खरं तर लिनक्स उशिरा लिहितं, आणि तेही मुद्दाम.

कॉम्प्युटरची रॅम सेकंदाला कित्येक जीबी माहिती सहज घेते. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला पाच-दहा एमबी लिहितो. कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला या संथ गड्यासाठी ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आलेली माहिती आधी रॅममध्ये ठेवून घेतो. तिथे तिचे साधारण ४ केबीचे तुकडे असतात. त्यांना पेज म्हणतात, आणि या साठ्याला पेज कॅश. जे पेज रॅममध्ये बदललं पण ड्राइव्हवर अजून पोचलं नाही, ते ‘डर्टी’. माहिती रॅममध्ये उतरली की कर्नल प्रोग्रॅमला ‘झालं’ सांगून मोकळा होतो. जिनिंगच्या आवारात कापूस उतरला की काटापावती मिळते, पण गाठ बांधायची बाकीच असते, तसंच हे. पट्टीवरचे शंभर टक्के म्हणजे काटापावती.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. डर्टी पेज ड्राइव्हवर कधी जातात? कर्नलचा एक कामगार नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडून असलेली पेज लिहायला काढतो. डर्टी पेजांनी उपलब्ध रॅमपैकी १० टक्के जागा व्यापली, तर तो ३० सेकंदांची वाट न पाहता मागच्या मागे लिहायला लागतो. साठा २० टक्क्यांकडे सरकला, की कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवून धरलं जातं. मोठा व्हिडिओ टाकताना पट्टी आधी सुसाट पळते आणि मग मधेच रुसून बसते, त्याचं कारण हे. हिशेब करून पाहा. ८ जीबीच्या मशीनवर ६ जीबी रॅम उपलब्ध असेल, तर १० टक्के म्हणजे ६०० एमबी. ५०० एमबीची फाइल त्यात आरामात मावते, पट्टी काही क्षणांत भरते. पण सेकंदाला ६ एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला ती उतरवायला जवळपास दीड मिनिट लागणार. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, फॅट ही त्यातलीच एक. फॅट प्रकारचा पेनड्राइव्ह असेल तर बहुतेक डेस्कटॉप तो ‘फ्लश’ पर्यायाने जोडतात, त्यामुळे लिहिणं लवकर सुरू होतं. लवकर सुरू होतं, लवकर संपत नाही.

या उशिराचा फायदाही आहे. एकच फाइल तुम्ही लागोपाठ चारदा सेव्ह केली, तर बऱ्याचदा शेवटची तेवढी लिहावी लागते. फ्लॅश मेमरीत जुन्या जागेवर थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि ब्लॉक शेकडो केबींपासून काही एमबींपर्यंत असू शकतो. पुसण्याच्या फेऱ्याही मर्यादित. म्हणून छोटी छोटी लिखाणं एकत्र करून पाठवलेली बरी.

अर्ध्यात उपसला तर काय होतं? फॅटची मूळ रचना १९७७ च्या सुमाराची. त्यात फाइलचं नाव आणि आकार एका जागी, कुठला तुकडा कुठे ठेवला याचा तक्ता दुसरीकडे आणि मजकूर तिसरीकडे. नाव पोचलं, बाकीचं रॅममध्येच राहिलं, की फाइल कोरी. एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, त्यामुळे ड्राइव्हची घडी विस्कटत नाही; पण रॅममधून निघालाच नाही तो मजकूर जर्नलही आणून देत नाही. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर भारनियमनाचा फटका बसला तरी हाच प्रकार.

यावर तोडगे मात्र भलतेच. दसऱ्याला सीपीयूची पूजा जरूर करा, पण हळदकुंकू यूएसबीच्या खाचेत गेलं तर संपर्क बिघडतो. डेटा त्याने सुरक्षित होत नाही. ‘लिनक्समध्ये व्हायरस येतच नाही, बिनधास्त उपसा’ असं छातीठोक सांगणारेही त्याच पंगतीतले. व्हायरसचा इथे संबंधच नाही.

उपाय साधा: फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा आणि ‘आता काढू शकता’ असा संदेश येईपर्यंत थांबा. अनमाउंट करताना, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवताना, कर्नल उरलेली सगळी डर्टी पेज लिहून काढतो. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, काम करणाऱ्यांनी ‘सिंक’ ही आज्ञा चालवावी. ती लिखाण संपल्यावरच परत येते. ड्राइव्ह ‘बिझी’ आहे असं म्हटलं, तर त्यातली एखादी फाइल किंवा त्याच फोल्डरात टर्मिनल उघडं असतं. ते बंद करा. विंडोज १० मध्ये २०१८ पासून यूएसबी ड्राइव्हला झटपट काढण्याची सोय आपोआप चालू असते, म्हणून तिकडून आलेल्यांना ही सवय नसते. पण लिखाण चालू असताना उपसलं तर तिथेही नुकसान होतंच.

आणि लग्नाचा पाच जीबीचा व्हिडिओ फॅट३२ वर जातच नाही, ते वेगळं दुखणं: तिथे फाइलच्या आकाराची नोंद ३२ बिटांची, म्हणून एका फाइलची मर्यादा ४ जीबी. विंडोजलाही लावायचा पेनड्राइव्ह एक्सफॅट या मांडणीत फॉरमॅट करा. २०२० च्या ५.७ कर्नलपासून त्याचा चांगला ड्रायव्हर लिनक्समध्येच येतो. घरच्या लिनक्सचा बॅकअप ठेवायची हार्ड डिस्क मात्र एक्स्ट४ च ठेवा. फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, आणि अर्थात तिकडेही इजेक्ट करूनच.