ट्रिप-हॉप

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेला संथ लयीचा संगीतप्रकार. हिप-हॉपचा मंदावलेला ठेका, डब या जमैकन संगीतप्रकाराचा जड बेस, सोल व जॅझच्या जुन्या तबकड्यांतून उचललेले तुकडे (सॅम्पल) आणि बहुधा स्त्रीस्वर अशी याची घडण असते.

नावाबद्दल वाद आहे. ‘मिक्समॅग’ या ब्रिटिश मासिकाच्या जून १९९४ च्या अंकात अँडी पेम्बर्टन यांनी ते वापरले, हा त्याचा पहिला छापील वापर असे सामान्यतः मानतात. तेथे विषय मात्र ब्रिस्टलचा नव्हता. लंडनच्या मो वॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेली, कॅलिफोर्नियाच्या डीजे शॅडोची ‘इन/फ्लक्स’ (१९९३) ही रचना त्या लेखात चर्चेत होती. म्हणजे नाव पडले अमेरिकी कलावंतावरून आणि चिकटले ब्रिस्टलला. तेथील कलावंतांना ते फारसे रुचले नाही. प्रत्यक्ष संगीताचा माग १९८० च्या दशकातील ‘वाइल्ड बंच’ या साऊंड सिस्टीमपर्यंत (स्वतःची ध्वनियंत्रणा घेऊन संगीत वाजवणाऱ्या डीजेंच्या चमूपर्यंत) जातो. तिच्यातूनच मॅसिव्ह अटॅक हा गट निघाला. त्याचा ‘ब्लू लाइन्स’ (१९९१) हा अल्बम ‘ट्रिप-हॉप’ या नावाच्या तीन वर्षे आधीचा असल्याने आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

नवख्या श्रोत्याला जाणकार बहुधा तीन अल्बम सुचवतात : ‘ब्लू लाइन्स’, पोर्टिसहेडचा ‘डमी’ (१९९४, मर्क्युरी पारितोषिक, १९९५) आणि ट्रिकीचा ‘मॅक्सिनक्वे’ (१९९५). शेवटच्या दोहोंत एक योगायोग आहे. ‘डमी’तील ‘ग्लोरी बॉक्स’ व ‘मॅक्सिनक्वे’तील ‘हेल इज राउंड द कॉर्नर’ ही दोन्ही गाणी अमेरिकी सोल गायक आयझॅक हेझ यांच्या १९७१ मधील एकाच रचनेच्या तुकड्यावर उभी आहेत. पोर्टिसहेडची गायिका बेथ गिबन्सचा कातर स्वर आणि ट्रिकीची पुटपुट एकामागून एक ऐकली, की या प्रकाराचा आवाका कळतो. पोर्टिसहेडने तर स्वतःचेच वादन तबकडीवर उतरवून पुन्हा सॅम्पल केले. ‘डमी’तील जुनाट खरखर काही अंशी अशी घडवलेली आहे.

त्यानंतर मॅसिव्ह अटॅकचा अधिक काळोखा ‘मेझनीन’ (१९९८) आणि जवळजवळ संपूर्णपणे सॅम्पलांतून रचलेला डीजे शॅडोचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ (१९९६) ऐकावा. मॉर्चीबाचा ‘बिग काम’ (१९९८) सौम्य आहे. पोर्टिसहेडचा ‘थर्ड’ (२००८) या सदरात क्वचितच बसतो.