लग्नानंतरचे निवांत फोटो : नागपुरातल्या नवपरिणीत जोडप्यांसाठी माहितीपत्रक

लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीचे हजारभर फोटो निघतात, पण त्यांत फक्त दोघांचे असे मोजकेच असतात. लॉनवर गोरज मुहूर्ताचं लग्न असलं की अक्षता पडेपर्यंत अंधार झालेला असतो. मग स्टेजसमोर आहेराची रांग लागते. दर अर्ध्या मिनिटाला शेजारची माणसं बदलतात, मागे तीच फुलांची भिंत आणि तेच एलईडी. अल्बममध्ये मामा, आत्या, ऑफिसातले सगळे सापडतात, आणि सापडायलाच हवेत, कारण तो दिवस त्यांचाही असतो. म्हणून तुमच्या दोघांच्या फोटोंसाठी आम्ही वेगळा दिवस मागतो.

पूर्वी आम्हीही मुहूर्त आणि रिसेप्शनच्या मधल्या अर्ध्या तासात जोडप्याला बाजूला न्यायचो. एका लग्नात नवरीला लॉनच्या मागच्या कडुनिंबाखाली उभं केलं. लेन्समधून पाहिलं तर हिरव्या चुड्यातला तिचा हात थरथरत होता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आम्ही कॅमेरा खाली ठेवला आणि आधी तिच्यासाठी ताट मागवलं. तेव्हापासून लग्नाच्या दिवशी आम्ही फक्त विधी, पाहुणे आणि घरच्यांचे फोटो काढतो. जोडप्याला वेगळं उभं करत नाही.

किती दिवसांनी यायचं?

लग्नानंतर दहा ते पंधरा दिवसांनी. तोवर सत्यनारायण झालेला असतो, मांडवपरतणी झालेली असते, झोपही भरून निघालेली असते. दुसरं कारण हळदीचं. अंगावरची हळद आपल्याला दिसेनाशी होते, पण कानामागे, मानेच्या घडीत आणि नखांच्या कडेला पिवळेपणा राहतो आणि कॅमेऱ्याला तो बरोबर दिसतो. मेंदीचं नेमकं उलटं आहे. तिचा रंग पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत गडद असतो, मग उतरत जातो. मेंदी हवीच असेल तर चौथ्या दिवशीही या, पण आमचा सल्ला विचाराल तर मेंदीचा मोह सोडा. हाताचे फोटो लग्नाच्या दिवशी काढलेलेच असतात. चेहऱ्यावरचा थकवा जायला मात्र दिवस द्यावे लागतात.

या फोटोंना मुहूर्त लागत नाही, ही यातली मोठी सोय आहे. मार्गशीर्षात लग्न झालेल्यांनी खुशाल पौषात फोटो काढावेत. त्या महिन्यात लग्नं जवळजवळ नसतात, त्यामुळे आमचाही वेळ मोकळा असतो आणि सकाळचं ऊन कोवळं असतं.

उजेडाचं गणित

डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "पाचला निघतो" म्हणालात तर पोहोचेपर्यंत उजेड गेलेला असतो. हिवाळ्यात साडेतीनला तयार राहा. मे महिन्यात संध्याकाळचा विचारच करू नका. पारा 45 च्या आसपास असताना अस्तराची शेरवानी घालून कोणी मनापासून हसू शकत नाही. सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो, तेव्हा सहाला सुरू करून आठच्या आत घरी. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि शालूची जर इतकी चमकते की तिचं नक्षीकाम फोटोत उरतच नाही, नुसता पांढरा डाग दिसतो. तेच शालू सकाळच्या तिरप्या उन्हात धरा, बुट्टीन् बुट्टी दिसते.

जागा

फुटाळा सगळ्यांना हवा असतो. संध्याकाळी सूर्य तलावावर उतरतो, दृश्य खरंच देखणं असतं, पण गर्दीही तेवढीच. रविवारी संध्याकाळी आम्ही तिथे जात नाही. आडवाराच्या सकाळी गेलं तर मागे तलाव राहतो आणि कोवळं ऊन थेट तुमच्या चेहऱ्यावर येतं. सिव्हिल लाइन्सचे जुन्या झाडांचे रस्ते आणि सेमिनरी हिल्सही चांगले. रामटेक आणि तिथल्या खिंडसी तलावासाठी पूर्ण सकाळ हाताशी ठेवा. बागेत कॅमेऱ्याची परवानगी किंवा शुल्क लागत असेल तर ते आम्ही आधी बघतो. टेकडी गणपतीला किंवा दीक्षाभूमीला जायचं असेल तर जरूर जाऊ, तुम्ही शांतपणे दर्शन-वंदन करा. तेवढा वेळ आमची बॅग बंद असते.

पण सर्वांत चांगले फोटो ओळखीच्या जागी निघतात, असा आमचा अनुभव आहे. काटोल-नरखेडकडे तुमची संत्र्याची बाग असेल तर दुसरीकडे जाऊच नका. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात झाडावर असतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. शहराच्या महाल भागात जुनं घर असेल तर त्याचा ओटा, लाकडी जिना, स्वयंपाकघराची खिडकी आम्हाला पुरते. एका घरी आजी नव्या नातसुनेची वेणी घालत बसल्या होत्या. आम्ही दारातूनच फोटो काढला, त्यांना कळलंही नाही. पुढे त्याच फोटोची सगळ्यात मोठी प्रिंट त्या घरी गेली.

कपडे, दागिने

शेरवानी भाड्याची असेल तर ती बहुधा दुसऱ्याच दिवशी परत करावी लागते. त्या दुकानात आधीच बोलून ठेवा, किंवा सरळ साधा कुर्ता घाला, तो जास्त शोभतो. शालू ड्रायक्लीनला टाकण्याआधी आम्हाला फोन करा. मेकअप हलका, जमलं तर स्वतःच्या हातचा. आईचे सगळे दागिने लॉकरमधून काढू नका, मंगळसूत्र आणि आवडीचा एखादा दागिना पुरे. मुंडावळ्या हव्या असतील तर सांगा, सीताबर्डीच्या फूल बाजारातून सकाळी ताज्या आणू.

वेळ आणि खर्च

अडीच ते तीन तास, एक किंवा दोन जागा. शहरात 15,000 रुपये, शहराबाहेर प्रवासखर्च वेगळा. निम्मी रक्कम तारीख ठरवताना, उरलेली फोटो हातात आल्यावर. रंग दुरुस्त केलेले 60 फोटो तीन आठवड्यांत मिळतात. चेहरा गोरा करून देत नाही, कृपया तसा आग्रह धरू नका. पाऊस आला किंवा घरात कुणाची तब्येत बिघडली तर तारीख बदलायचे पैसे नाहीत.

पोज शिकून येऊ नका. पहिली वीस मिनिटं तुम्ही नुसते चालता, बोलता, आम्ही मागून येतो. सोबत फार तर एक बहीण किंवा मैत्रीण असू द्या. आणि पोटभर नाश्ता करून या.